पाण्याच्या नळीतही बँड आला, आता काय?

प्रश्न : मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेतातल्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी १६-एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा पीसीआर करते, म्हणजे त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढते. गेल्या तिन्ही खेपांना डीएनएऐवजी नुसते पाणी घातलेल्या कंट्रोल नळीतही बँड, म्हणजे जेलवर डीएनएची पट्टी, दिसला. नमुन्यांचे बँड ठळक आहेत आणि कंट्रोलचा फिका आहे, म्हणून सोबतचे सगळे पुढे जायला सांगतात. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पुढे जाऊ नका. ज्या नळीत डीएनए घातलाच नाही त्या नळीत बँड येत असेल, तर उरलेल्या नळ्यांतला प्रत्येक बँड तुमच्या जिवाणूचाच आहे असे म्हणण्याचा आधार राहत नाही, मग तो कितीही ठळक असो.

आधी बँड जेलवर नेमका कुठे आहे ते पाहा. तुम्ही नेहमीचे २७-एफ आणि १४९२-आर हे प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरत असाल, तर खरा बँड सुमारे १,५०० बेसजोड्यांपाशी (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) यायला हवा. कंट्रोलमधला बँड अगदी तळाशी, शंभराच्या खाली, धुरकट असेल तर ते प्रायमर एकमेकांना चिकटून तयार झालेले डायमर आहेत. त्यांना दूषितीकरण म्हणत नाहीत, आणि प्रायमरचे प्रमाण कमी केले किंवा प्रायमर डीएनएला चिकटतात ते जोडणीचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवले की ते बहुधा मावळतात. बँड १,५०० पाशीच असेल, तर मात्र जिवाणूचा डीएनए कुठून तरी आत शिरतो आहे.

तो किती सहज शिरतो याचा अंदाज एका हिशेबाने येतो. तापवण्या-थंड करण्याच्या प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट झाल्या, तर एका रेणूपासून ३० आवर्तनांनंतर सुमारे १०७ कोटी प्रती होतात. त्या २५ मायक्रोलीटरमध्ये आहेत असे धरा. नळीचे झाकण उघडताना उडालेल्या तुषाराचा आकार एका मायक्रोलीटरचा हजारावा भाग असला, तरी त्यात सुमारे ४३ हजार प्रती असतात. तो तुषार पिपेटच्या दांड्यावर बसला, की पुढच्या खेपेच्या पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. म्हणून पीसीआर झालेल्या नळ्या जिथे उघडतात आणि जेल भरतात, तिथे नवी अभिक्रिया कधीही मांडू नये; दोन्हीकडची पिपेटसुद्धा वेगळी हवीत, आणि टिप्स फिल्टर लावलेल्या हव्यात. टेबल स्पिरिटने पुसले की जिवाणू मरतात, पण डीएनए जागच्या जागी राहतो. त्यासाठी ताजे, दहापट पातळ केलेले ब्लीच लावून काही मिनिटे राहू द्यावे आणि मग पाण्याने पुसून काढावे.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे आणि ती अनेकांच्या ध्यानात येत नाही. बाजारात मिळणारे टॅक हे प्रती काढणारे एन्झाइम बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत तयार करून घेतलेले असते, आणि शुद्धीकरणानंतरही त्या जिवाणूच्या डीएनएचे अंश त्यात राहू शकतात. माणसाच्या किंवा वनस्पतीच्या जनुकावर काम करणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. तुमचे प्रायमर मात्र जवळजवळ कोणताही जिवाणू पकडण्यासाठीच बनवलेले आहेत. आवर्तने ३५ असतील तर ती २८ वर आणून पाहा. तेवढ्याने कंट्रोल रिकामा झाला आणि नमुन्यांचे बँड टिकले, तर तुमचे काम पुढे सरकेल.

तरीही बँड राहिला, तर एका वेळी एकच घटक नवा घ्या : एका नळीत नवे पाणी, दुसरीत नवा बफर, तिसरीत नवे प्रायमर, चौथीत नवे एन्झाइम, बाकी सारे जुने. आमच्या प्रयोगशाळेत असाच एक बँड पाच आठवडे पाठ सोडत नव्हता. आम्ही एन्झाइमच्या दोन खेपा बदलल्या, प्रायमर पुन्हा मागवले, आणि शेवटी दोष निघाला तो सगळे जण ज्यात टिप बुडवत होते त्या पाण्याच्या मोठ्या बाटलीत. तेव्हापासून पाणी आल्याबरोबर ते एक-एक मिलिलीटरच्या नळ्यांत वाटून गोठवून ठेवतो आणि उघडलेली नळी त्या दिवसानंतर फेकून देतो.

शक्य असेल तर कंट्रोलचा तो फिका बँडच जेलमधून कापून सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचायला, पाठवा. तो तुमच्याच एखाद्या जिवाणूशी जुळला तर जुन्या प्रती उडाल्या आहेत, ई. कोलायशी जुळला तर संशय एन्झाइमवर जातो, आणि त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकसशी जुळला तर हातमोजे बदलण्याची सवय तपासावी लागेल.

प्रश्न : माझ्या जिवाणूचा अनुक्रम (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) ब्लास्ट या जुळणारे अनुक्रम शोधणाऱ्या प्रणालीत टाकल्यावर ई-व्हॅल्यू शून्य आणि साम्य ९९.५ टक्के असलेली बॅसिलसच्या तीन प्रजातींची नावे वर आली. प्रबंधात पहिले नाव लिहिले तर चालेल का?
— एक संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नुसते पहिले नाव लिहू नका. ब्लास्ट ही पद्धत १९९० मध्ये प्रसिद्ध झाली ती प्रचंड साठ्यातून मिळतेजुळते तुकडे झटकन शोधण्यासाठी. ई-व्हॅल्यू एवढेच सांगते की इतक्या गुणांची जुळणी एवढ्या मोठ्या साठ्यात निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडावी. दीड हजार अक्षरांचे १६-एस जनुक कोणत्याही जिवाणूच्या १६-एसशी योगायोगाच्या पलीकडे जुळणारच, म्हणून आकडा अतिसूक्ष्म येतो आणि शून्य असा छापला जातो. प्रजातींमध्ये निवड करायला त्याचा उपयोग नाही.

साम्याच्या टक्क्यांनाही मर्यादा आहे. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर जिवाणू वेगळ्या प्रजातीचा असण्याची दाट शक्यता मानतात. त्याच्या वर असेल तर प्रजाती एकच, असे उलटे म्हणता येत नाही. बॅसिलस सिरियस, बॅसिलस थुरिन्जिएन्सिस आणि अँथ्रॅक्सचा बॅसिलस अँथ्रेसिस यांची १६-एस जनुके जवळपास सारखीच आहेत, आणि यांतला थुरिन्जिएन्सिस शेतात कीडनाशक म्हणून फवारतात, तर अँथ्रेसिस जीव घेतो.

शिवाय ०.५ टक्के म्हणजे दीड हजारांत सात-आठ अक्षरांचा फरक. ती अक्षरे खरोखर वेगळी आहेत की यंत्राच्या वाचनातली चूक, हे क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेला शिखरांचा आलेख, उघडल्याशिवाय कळत नाही. अनुक्रम वाचण्याच्या सँगर पद्धतीत सुरुवातीची वीस-तीस अक्षरे आणि साधारण आठशेनंतरची शिखरे एकमेकांत मिसळलेली असतात. तो भाग छाटा आणि दोन्ही दिशांची वाचने जोडून मगच शोध घ्या. शोध घेताना केवळ टाइप स्ट्रेनचे (प्रजातीचा अधिकृत नमुना मानलेल्या जिवाणूचे) अनुक्रम निवडा, कारण जेनबँक या अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्यातली बरीच नावे पाठवणाऱ्याने दिलेली तशीच असतात. एवढे करूनही तिढा सुटला नाही तर जायरेज-बी हे जनुक वाचा किंवा संपूर्ण जीनोम करून घ्या. ते जमणार नसेल आणि तुमची तीन नावे वरच्या प्रजातींचीच असतील, तर प्रबंधात ‘बॅसिलस सिरियस गट’ असे लिहा. परीक्षकाने विचारले तर या नावामागचे कारण तुम्हाला सांगता येईल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात थर्मल सायकलर, म्हणजे पीसीआरच्या नळ्या आपोआप तापवणारे-थंड करणारे यंत्र, नाही. तीन वॉटर बाथ वापरून पीसीआर दाखवता येईल का?
— एक प्राध्यापक, फोंडा

उत्तर : येईल. सुरुवातीच्या काळात नळ्या अशाच हाताने फिरवत, आणि तेव्हाचे एन्झाइम तापवल्यावर मरत असल्याने प्रत्येक आवर्तनात ते नव्याने घालावे लागे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे टॅक वापरात आल्यावर ती कटकट संपली. ९५, ५५ आणि ७२ अंशांचे बाथ ठेवा, प्रत्येकात अर्धा-अर्धा मिनिट धरा, आणि दोन-तीनशे बेसजोड्यांचाच तुकडा निवडा. लांब तुकड्याला ७२ अंशांवर जास्त वेळ द्यावा लागतो. गरम झाकण नसल्यामुळे नळीतले पाणी वाफ होऊन वर चढते, म्हणून मिश्रणावर खनिज तेलाचा एक थेंब सोडा. विद्यार्थ्यांना पाळीपाळीने तीस फेऱ्या करू द्या, आणि एक नळी नुसत्या पाण्याची ठेवा.