फर्नांडिसमधला ‘इस’ आणि डिसूझामधला ‘डि’

प्रश्न असा: गोव्या-वसईतल्या पोर्तुगीज आडनावांपैकी फर्नांडिस, लोपिस, गोन्साल्विस यांच्या शेवटी ‘इस’ येतो, डिसूझा-डिमेलोच्या सुरुवातीला ‘डि’. दोन्हींचा अर्थ ‘अमक्याचा मुलगा’ असाच का?

नाही. तो अर्थ फक्त ‘इस’चा. ‘डि’ म्हणजे ‘चा’, आणि तो बहुधा गावचा.

पोर्तुगीजमध्ये ‘इस’ (स्पॅनिशमध्ये ‘एझ’) बापाच्या नावाला लागतो. फर्नांदोचा फर्नांडिस, नुनोचा नुनिस, लोपोचा लोपिस. आपलं मधलं नाव दर पिढीला बदलतं, तसंच हेही मुळात बदलायचं. अकराव्या शतकातला स्पेनचा योद्धा एल सिद याचं घराणं पाहा. लाइनचा मुलगा दिएगो लाइनेझ, त्याचा मुलगा रोद्रिगो दियास (हाच एल सिद), आणि रोद्रिगोचा मुलगा दिएगो रोद्रिगेझ. तीन पिढ्या, तीन वेगळी नावं. पुढे केव्हातरी हे बदलणं थांबलं आणि कुठल्यातरी एका पूर्वजाचं नाव घराण्याला कायमचं चिकटलं. फर्नांडिस म्हणजे गोठलेलं मधलं नाव.

ओळखायची युक्ती सोपी: ‘इस’ काढा, ‘ओ’ लावा, माणसाचं नाव निघतं का पाहा. रॉड्रिग्जमधून रोद्रिगो निघतो, अल्वारिसमधून अल्वारो. गोन्साल्विस मात्र चकवतं, कारण आजचं नाव गोन्सालो, त्यात ‘व’ नाही. जुनं लॅटिन रूप गुंदिसाल्वुस. बोलण्यात नाव झिजलं, आडनावात ‘व’ टिकला. दियास हेही असंच. पोर्तुगीजमध्ये ‘दियास’ म्हणजे दिवस, म्हणून कुणी तसा अर्थ लावतं. पण आडनाव दिएगो किंवा दियोगोच्या मुलाचं. उलट तोरिस म्हणजे बुरूज आणि मिनेझिस हे स्पेनमधल्या एका गावावरून. तिथे ‘इस’ दिसतो, पण बाप नाही.

आता ‘डि’. सौझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी, दोरो नदीला मिळणारी. त्या भागाचे ते ‘दे सौझा’. मेलो हे गाव. पण डिकोस्टा मुळात ‘दा कोस्टा’, म्हणजे किनाऱ्याचा, आणि डिक्रूझ ‘दा क्रुझ’, क्रुसाचा. पोर्तुगीजमध्ये नुसतं ‘दे’ म्हणजे ‘चा’, आणि पुढच्या नामाला उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) असेल तर लिंगानुसार त्याचं ‘दा’ किंवा ‘दो’ होतं. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे सगळ्यांना एकच ‘डी’ आणि वर स्वल्पविराम मिळाला. पोर्तुगालमध्ये ‘दे सौझा’ सुटं, विनाचिन्ह लिहितात. मराठीतला ‘ड’ही इंग्रजीमार्गेच आला, लिस्बनमध्ये ऐकलंत तर दंत्य ‘द’ आणि शेवटी ‘श’: फर्नांदिश.

परेरा (नासपतीचं झाड), कार्व्हालो (ओक), लोबो (लांडगा), कोएलो (ससा) यांना ‘इस’ही नाही आणि ‘डि’ही बहुधा लागत नाही. लोबो आणि लोपिस मात्र चुलतभाऊ: लोपो हे नावच लॅटिन ‘लुपुस’, लांडगा, यावरून आलं.

गोव्यात नि वसईत या आडनावांवरून रक्ताचं नातं काढू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्त्यांना बऱ्याचदा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळे. म्हणजे आडनावातला ‘फर्नांदो’ त्यांचा पूर्वज नव्हेच, धर्मपित्याच्या घराण्यातला.