पदे नव्हे, तासिका मोज

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता मी चार वेळा वाचला. तालुक्यातील माध्यमिक शाळांमध्ये किती विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे, हे तू शाळावार नेटके मांडले आहेस आणि बेरजाही चोख आहेत. तरीही ज्या शाळेपुढे तू हिरवा रंग भरलास, त्याच शाळेला पालकांनी गेल्या आठवड्यात कुलूप ठोकले, हे तुला उलगडत नाही. साहेब म्हणतात, गावकऱ्यांना कोणीतरी चिथावले. गावकरी म्हणतात, पोळ्यापासून गणिताचा तास झालेला नाही. यात खोटे कोण बोलते, असे तू विचारतेस. माझ्या मते कोणीच नाही. तुझा तक्ता ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो प्रश्न गावाने विचारलेलाच नाही. गाव विचारते आहे, आज पाचव्या तासाला दहावीच्या वर्गात कोण उभे होते?

या पत्रात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच. शिक्षक मोजू नकोस, तासिका मोज.

आपल्याकडची एखादी साधी शाळा घे. आठवी, नववी, दहावी, प्रत्येकी एक तुकडी, पट १०८ आणि मुख्याध्यापक धरून पाच शिक्षक. म्हणजे साधारण २२ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक झाला. माध्यमिकसाठी आपण ३० ला एक हा निकष लावतो, तेव्हा शाळा हिरवी. आता गणित-विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले आणि जागा भरली गेली नाही, असे धर. उरले चार, गुणोत्तर २७ ला एक. शाळा अजूनही हिरवीच! (२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वंचित भागांसाठी २५ च्या आतला आकडा आहे, पण तालुक्याच्या तक्त्यात तो लावलेला मी तरी कधी पाहिला नाही.) आता हीच शाळा तासिकांनी मोज. सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी सकाळच्या पाच, अशा एका वर्गाच्या आठवड्याला ४५, तीन वर्गांच्या १३५. त्यात गणिताच्या सात आणि विज्ञानाच्या सात धरल्या, तर तीन वर्गांच्या मिळून ४२ तासिका निराधार झाल्या. जवळजवळ एकतृतीयांश शाळा बंद आहे आणि तुझ्या तक्त्यात तिचा रंगसुद्धा बदललेला नाही. पालकांनी ठोकलेले कुलूप त्या ४२ तासिकांना आधीच लागलेले होते.

तू लिहितेस की शंका नको म्हणून तू मंजूर पदे आणि रिक्त पदेही तपासली, आणि त्या शाळेत एकही पद रिक्त नाही. बाळ, येथेच मला तुझा थोडा राग आला. पद रिक्त दिसण्यासाठी ते आधी मंजूर असावे लागते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदे द्यायची याची मान्यता, पटावर होते, पटात ज्याचे आधार वैध तोच विद्यार्थी धरला जातो, आणि पट घसरला की पदच मान्यतेतून गळते. गळलेले पद रिक्त नसते. ते मुळी नसतेच. म्हणजे शाळा जितकी खंगत जाईल, तितकी तिची रिक्त पदांची टक्केवारी सुधारत जाईल. संचमान्यतेचे निकष बदलणारा १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आल्यापासून लहान गावांच्या शाळांत वीसच्या आतल्या पटाची जी धास्ती आहे, ती तू स्वतः ऐकली असशील. ज्या छेदाला स्वतःचीच खात्री नाही, त्याने भागून आलेल्या टक्केवारीला तू अहवालाच्या पहिल्या पानावर बसवतेस, म्हणून राग.

एकाच शिक्षकाची आपल्याकडे किती ठिकाणी नोंद असते ते पाहा. शालार्थ या वेतनप्रणालीत त्याचा पगार निघतो. यू-डायस या शाळांच्या देशव्यापी माहितीसंचात तो ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाला शाळेत असतो. मस्टरवर त्याची सही असते. हालचाल रजिस्टरमध्ये तो पंचायत समितीत गेलेला असतो. वेळापत्रकात दुसऱ्या तासाला त्याचे नाव असते. आणि वर्गात मुले एकमेकांवर खडूचे तुकडे फेकत असतात. यातील एकही नोंद खोटी नाही. प्रतिनियुक्तीवर तालुक्याला बसलेला शिक्षक मूळ शाळेत उपलब्धच दिसतो. अप-डाउन करणाऱ्याची एस.टी. पंचवीस मिनिटे उशिरा आली, तर मस्टर पूर्ण आणि पहिली तासिका कोरी. शिवाय सप्टेंबरअखेरच्या एका दिवसावरून फेब्रुवारी कळत नाही, जेव्हा बारावीच्या पर्यवेक्षणाला अर्धे शिक्षक दुसऱ्या केंद्रावर जातात आणि राहिलेल्यांच्या मानेवर एखादी निवडणूक असते.

अनुपस्थिती मोजणारे जे दोन अभ्यास तू परस्परविरोधी म्हणून पाठवलेस, तेही याच नजरेने वाच. दोन्ही मुख्यत्वे प्राथमिकचे आहेत, पण धडा आपल्या कामाचा आहे. २००३ मध्ये न कळवता दिलेल्या भेटींत देशातील सरकारी प्राथमिक शाळांमधील साधारण चारांतील एक शिक्षक जागेवर नव्हता आणि प्रत्यक्ष शिकवताना आढळलेले निम्म्याच्या आसपास होते. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये सहा राज्यांतील ६१९ शाळांचा अभ्यास मांडला, त्यात विनाकारण गैरहजर शिक्षक अवघे अडीच टक्के निघाले. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारी कामावर होते. पहिल्यावरून मास्तर कामचुकार ठरतो, दुसऱ्यावरून निर्दोष, आणि वाद घालणारे आपापला आकडा घेऊन भांडत बसतात. मुलाच्या बाजूने पाहिले तर शिक्षक कामचुकारपणाने गेला काय किंवा आदेशाने गेला काय, तासिका गेलीच. दोष कोणाचा हा वेगळा तक्ता आहे. तो तू करू नकोस असे मी म्हणत नाही, पण आधी गेलेल्या तासिकांचा कर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ज्याने आयुष्यभर ते फॉर्म भरले, त्याचे हे बोलणे आहे, आणि त्यातला एक फॉर्म मला अजून झोपू देत नाही.

ऑक्टोबर २०११ ची राज्यभराची पटपडताळणी तुला आठवणार नाही, तू तेव्हा शाळेतच असशील. तीन दिवस सगळा महाराष्ट्र मुले मोजत होता. त्यातून बोगस पट बाहेर आला, पटाच्या मानाने जास्त ठरलेल्या, म्हणजे अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न उभा राहिला, आणि २०१२ मध्ये अतिरिक्तांचे दुसऱ्या शाळांत समायोजन होईपर्यंत भरती थांबली. शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आले तेच मुळी २०१७ मध्ये. मधल्या त्या वर्षांत माझ्या शाळेतील गणिताचे गुरुजी निवृत्त झाले. समायोजनात कोणी आले तर सामाजिक शास्त्राचे येत, कारण अतिरिक्त ठरत तेच. मी मुख्याध्यापक होतो, बी.एस्सी. होतो. वेळापत्रकात नववी आणि दहावीच्या गणिताच्या चौदा तासिकांपुढे मी माझे स्वतःचे नाव लिहिले, आणि माहितीच्या प्रपत्रात ‘गणित विषयशिक्षक उपलब्ध आहे काय’ या रकान्यात ‘होय’ भरले. नंतर आठवड्यातील दोन दिवस तालुक्याला, एक दिवस जिल्ह्याला, उरलेल्या दिवशी शालेय पोषण आहाराचा तांदूळ, शिष्यवृत्तीचे अर्ज, वेतन देयके.

दहावीत एक मुलगी होती, चार किलोमीटरवरच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, पायी येणारी. नोव्हेंबरमध्ये, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, वर्ग निम्मा रिकामा असतानाही ती येत असे. एके दिवशी ऑफिसच्या दारात उभी राहून तिने विचारले, “सर, उद्या भूमितीचं पुस्तक आनाचं का नाई?” मी म्हणालो, वेळापत्रक पाहून दप्तर भरायचे. वेळापत्रक पाहूनच ती रोज भरत होती! पुस्तक, कंपास, वही, सगळे येत होते आणि तसेच परत जात होते. सराव परीक्षेच्या वेळी तिची वही माझ्या हातात आली. आमच्याकडे वहीत प्रत्येक पाठाला तारीख घालण्याची शिस्त होती, आणि ती शिस्त मीच लावली होती. जूनअखेर शाळा सुरू झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत, दिवाळीची सुटी आणि सण वगळून, भूमितीच्या साठाच्या वर तासिका व्हायला हव्या होत्या. वहीत तारखा होत्या एकोणीस. वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिकेच्या प्रमेयाची आकृती काढलेली, खाली ‘सिद्धता’ असा शब्द, आणि पुढे दोन पाने कोरी सोडलेली. सर पुढच्या तासाला सांगतील, म्हणून सोडलेली.

ती उत्तीर्ण झाली. गणितात जेमतेम. तिला विज्ञान शाखा हवी होती, गेली कला शाखेला. निकालाची टक्केवारी चांगली लागली म्हणून त्या वर्षी माझा सत्कारही झाला.

तू म्हणशील, सर, तुम्ही ‘नाही’ का लिहिले नाही? सांगतो, आणि हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, तो सहन कर. ‘नाही’ लिहिले असते तर शिक्षक आला नसता, कारण भरतीच बंद होती. बातमी मात्र गावात फिरली असती. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती त्या पालकांनी दाखले काढून मुले तालुक्याच्या शाळेत घातली असती, पट तुटला असता, दोन सहकारी अतिरिक्त ठरून पार दुसऱ्या टोकाला फेकले गेले असते, आणि पोडावरची पोर मात्र तेथेच राहिली असती, कारण तिच्याकडे दाखला काढण्यापुरतेही बसभाडे नव्हते. मी ते माझ्यासाठी केले नाही. आजही कोणी त्या खुर्चीत बसवले, तर शाळा वाचवण्यासाठी मी काय करीन याची खात्री देता येत नाही. पण त्या एका ‘होय’मुळे जिल्ह्याच्या तक्त्यात गणिताची एक उणीव कमी दिसली, माझ्यासारखे आणखी किती ‘होय’ त्याखाली असतील कोण जाणे, आणि तो तक्ता पाहून वर कोणीतरी समाधानाने सही केली असेल. कोरी पाने मी दाबून ठेवली, हे मला मान्य करावेच लागते. पद होते, नाव होते, पात्रता होती. तासिका नव्हत्या.

म्हणून सांगतो, तासिका मोज. कशी मोजायची हे तू विचारशील, तर ते अवघड नाही, फक्त किचकट आहे. शाळेत गेल्यावर मस्टर शेवटी माग. आधी वेळापत्रक घे, मग बदली तासिकांची वही घे. मुख्याध्यापक ती नसते म्हणाले, तर ती शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली असते. मग प्रत्येक वर्गातील रोज येणाऱ्या दोन मुलांच्या गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या वह्या घे आणि तारखा मोज. वही पूर्ण पुरावा नाही हे मला ठाऊक आहे; एखादे गुरुजी लिहून न देता उत्तम शिकवतात, एखादे फळ्यावर नवनीत उतरवून देतात. तरीही महिनाभराच्या तारखा वेळापत्रकाशेजारी ठेवल्या की शाळेचे हाड दिसते. प्रत्येक तासिकेपुढे तीनच खुणा कर: त्या विषयाच्या शिक्षकाने घेतली, दुसऱ्या कोणी सांभाळली, की कोणीच नव्हते. ‘सांभाळली’ला ‘घेतली’त मिसळू देऊ नकोस. मराठीचे शिक्षक भूमितीच्या तासाला मुलांना गप्प बसवतात, त्याला शिक्षक उपलब्ध असणे म्हणत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी निदान विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे वेगवेगळे शिक्षक असावेत एवढे तरी लिहून ठेवले. तो कायदा आठवीला थांबतो, आणि नेमकी नववीपासून विषय जड होतात.

आणि जीपमधून जाऊ नकोस. जीप दिसली की शाळा पाच मिनिटांत भरते. एस.टी.ने जा, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला पोहोच.

तुझी नोकरी कंत्राटी आहे, आदेश अकरा महिन्यांचा आहे आणि साहेबांना हिरवा तक्ता आवडतो, हे तू पत्रात दोनदा लिहिलेस. मला ते पहिल्यांदाच कळले होते. मी तुला बंड करायला सांगत नाही. मी स्वतः केले नाही, तेव्हा तो अधिकार मला नाही. हिरवा तक्ता आहे तसा दे, तो खोटा नाही. त्याच्या मागे तासिकांचा एक तक्ता जोड, पाचच शाळांचा जोड, कोणाच्या दोषाचा शब्द न लिहिता जोड. साहेबांनी काढून टाकला तर पुढच्या महिन्यात पुन्हा जोड. कुलूप ठोकलेल्या गावात बैठक लागेल तेव्हा साहेबांना तोच कागद शोधावा लागेल. चिथावणीवर बोलून ते कुलूप निघणार नाही.

पहिली शाळा तुला शोधावी लागू नये म्हणून माझे त्या वर्षाचे वेळापत्रक या पाकिटात घातले आहे. चौदा चौकटींत माझी आद्याक्षरे आहेत. भूमितीच्या एकोणीस तारखा मी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिल्या आहेत, त्या तिच्या वहीतून तेव्हाच उतरवून घेतल्या होत्या. बीजगणिताच्या मात्र माझ्याकडे नाहीत. शाळेचे आणि माझे नाव झाकून तुझ्या नव्या तक्त्याची पहिली ओळ याने भर. कागद घडीवर फाटला आहे, तेव्हा झेरॉक्स काढून घे आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने परत पाठव.

तुझा,
सर