सकाळी उठल्यावर तोंड अचानक वाकडं झालं, एक डोळा मिटत नाही. उपचार काय?

आधी भुवया वर करून बघा. त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नसतील तर बहुतेक बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला आलेली सूज. आठ्या पडतायत पण तोंड वाकडं, किंवा हातात जोर नाही, किंवा बोलणं अडखळतंय, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूचा झटका असू शकतो. दोन्हींत डॉक्टर आजच हवा.

बेल्स पाल्सीवर मुख्य औषध स्टिरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोन, तेही 72 तासांच्या आत सुरू केलेलं. कोर्स साधारण 10 दिवसांचा. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर चढते. कानात फोड आले असतील तर नागीण असू शकते, मग विषाणूविरोधी गोळ्याही लागतात.

डोळ्याकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणी टेपने नीट बंद करा.

‘वारं लागलं’ म्हणून शेक-मालिशीत पहिले तीन दिवस घालवू नका. बहुतेकांना तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. तीन महिन्यांनीही चेहरा पूर्ववत नसेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा.