गांजाच्या टॅक्समधून शाळा बांधतात, हे खरंय का?

प्रश्न: राम राम ताई. माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो, तो म्हणतो की मामा इथं गांजा दुकानात उघड मिळतो आणि त्याच्या टॅक्समधून शाळा बांधतात. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कोणी तुरीच्या आड लावला की पोलीस उपटून जाळतात. तो पैसा खरंच शाळेला जातो का?
– एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर: राम राम भाऊ. भाचा खरं सांगतोय, पण अर्धंच. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत २०१२ ला लोकांनी मतदान करून गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. तिथं दोन टॅक्स आहेत. एक पिकवणाऱ्याकडून माल दुकानात जाताना लागतो, १५ टक्के, तो शाळांच्या इमारतींसाठी, म्हणजे गळकं छप्पर, नवीन वर्ग असं. मास्तरांचा पगार त्यातून होत नाही, म्हणून तिथले पालकपण विचारतात की एवढा टॅक्स येतो तर शाळेला अजून पैसे कमी का पडतात! दुसरा टॅक्स गिऱ्हाईक देतो, तोही आता १५ टक्केच, त्यातला काही हिस्सा ज्या गावात विक्री झाली त्या गावाला, आणि उरलेल्यातला बराचसा व्यसनमुक्ती, आरोग्य, पोलीस यांच्याकडे, थोडा शाळांच्या खर्चाला. न्यूयॉर्कची वाटणी वेगळी, खर्च वजा जाता ४० टक्के शाळांना, ४० टक्के ज्या वस्त्यांमधली पोरं गांजाच्या केसमध्ये जास्त आत गेली त्यांच्यासाठी, २० टक्के उपचार आणि जनजागृतीला. मला ही मधली ४० टक्क्यांची गोष्ट फार मोलाची वाटते.

वाटणी आधीच कायद्यात लिहून ठेवायची ही रीत आपल्याला नवीन नाही हो. पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ ला रोजगार हमीसाठीच लावला होता, ७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडली त्यातूनच ती योजना उभी राहिली.

पण अशा पैशावर विसंबून राहता येत नाही. कोलोरॅडोला २०२१ मध्ये ४२ कोटी डॉलरच्या वर मिळाले आणि २०२३ मध्ये साधारण २७ कोटीच, कारण भाव पडले आणि शेजारच्या राज्यांतही दुकानं निघाली. कपाशीचा भाव पडला की घरातलं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाला बंदीच आहे, त्यामुळे तो टॅक्स इथं येणार नाही. दारूचा मात्र येतो, आणि तो सगळा सरकारच्या एकाच मोठ्या तिजोरीत जातो, व्यसनमुक्तीसाठी त्यातला ठरावीक हिस्सा बांधून ठेवलेला नाही. आमदार गावात आले की आधी हेच विचारा भाऊ, की दारूच्या पैशातून आपल्या तालुक्यात व्यसन सोडवायला किती आले.