परदेशी गिऱ्हाईक आणि किमतीतला कर

प्रश्न : आझुलेजो या पोर्तुगीज पद्धतीच्या, हाताने रंगवलेल्या टाइल्स आम्ही आमच्याच वेबसाइटवर विकतो. त्यासाठी वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर वापरतो. एका सेटची किंमत जीएसटी धरून 2,360 रुपये. लंडनच्या एका बाईंना चेकआउटवर 2,832 रुपये दिसले आणि त्यांनी ऑर्डर तिथेच सोडली. चुकलं कुठे? (वाचक, म्हापसा)

उत्तर : त्यांच्याकडे दोन देशांचा कर मागितला गेला. 2,360 मध्ये 18 टक्के जीएसटी आधीच होता, त्यावर ब्रिटनचा 20 टक्के व्हॅट चढला. निर्यात मात्र आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) कायदा 2017, कलम 16 प्रमाणे शून्य दरात येते. म्हणजे आपला कर आधी बाहेर काढायचा : 2,360 भागिले 1.18, मूळ किंमत 2,000. त्यावर 20 टक्के, 2,400. बाईंना हा आकडा दिसायला हवा होता.

भागायचं म्हटलंय, वजा करायचं नाही. पुष्कळ जण 2,360 चे 18 टक्के म्हणजे 424.80 काढतात आणि वजा करून 1,935.20 वर येतात. सेटमागे 64.80 रुपये असेच गेले, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता सॉफ्टवेअरचं. तुम्ही किंमत करासह भरलीत, पण भारताचा दर टॅक्सच्या तक्त्यात भरलाच नाही, असं आकड्यावरून दिसतं. देशात किंमत बरोबर दिसत होती म्हणून गरज वाटली नसेल. पण दरच नसेल तर सॉफ्टवेअर काढणार काय? त्याच्या लेखी 2,360 हीच मूळ किंमत. टॅक्सच्या सेटिंगमध्ये 'किमती करासह भरणार' हा पर्याय निवडा, कर गिऱ्हाइकाच्या पोच पत्त्यावरून मोजायला सांगा, दुकानाचा पत्ता गोवा ठेवा. मग तक्ता : गोव्यासाठी दोन ओळी, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 9 आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) 9, पहिलीला प्राधान्य 1 व दुसरीला 2. बाकी भारतासाठी आयजीएसटी 18, प्राधान्य 1. ब्रिटनसाठी 20. गोव्याच्या दोन्ही ओळींना एकच प्राधान्य दिलंत तर एकच लागू होते आणि बिलात निम्मा कर गायब. ज्या देशाची ओळच नाही त्याला शून्य कर, म्हणजे 2,000 रुपये.

एवढं करूनही लंडनला 2,360 दिसलेच तर कॅशे तपासा. भारतातल्या कुणीतरी उघडलेलं पान साठवून तेच सगळ्यांना वाटलं जातं. गिऱ्हाइकाचं ठिकाण ओळखण्याच्या पर्यायांत पेज कॅशिंगला चालणारा एक आहे, तो निवडा. शॉपिफाय या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हे काम सोपं : करांच्या सेटिंगमध्ये 'गिऱ्हाइकाच्या देशाप्रमाणे कर किमतीत धरा किंवा वगळा' अशा अर्थाचा पर्याय आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती सेटिंगपेक्षा मोठी. 2,400 मधले व्हॅटचे 400 रुपये तुमचे नाहीत. 1 जानेवारी 2021 पासून 135 पौंडांपर्यंतच्या मालावर ब्रिटनचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो, आणि त्यासाठी तिथे व्हॅटची नोंदणी लागते. अमुक उलाढालीपर्यंत नोंदणी नको, अशी सूट परदेशी विक्रेत्याला नाही. नोंदणी नसताना व्हॅट घेऊच नका. वर्षाला दहा-बारा पार्सलं जात असतील तर ब्रिटनपुरतं एखाद्या मोठ्या मार्केटप्लेसवरून विका, तिथे व्हॅट गोळा करून भरायची जबाबदारी मार्केटप्लेसची. 135 पौंडांच्या वर कर आणि ड्यूटी (सीमाशुल्क) सीमेवर लागते, तेव्हा साइटवर व्हॅट शून्य ठेवा आणि 'आयात कर वेगळा' हे किमतीच्या शेजारीच लिहा. अटी-शर्तींच्या पानावर ते कुणी वाचत नाही.

प्रश्न : जर्मनी, पोर्तुगाल, फ्रान्स इथून कुणबी साडीच्या स्टोलना मागणी आहे. सगळ्या युरोपला एकच 60 युरो किंमत ठेवावी का? (वाचक, मडगाव)

उत्तर : ठेवता येते, पण कुणाच्या जिवावर ते पाहा. जर्मनीचा व्हॅट 19 टक्के, पोर्तुगालचा 23, हंगेरीचा 27, लक्झेंबर्गचा 17. 60 युरोंतून कर काढल्यावर तुमच्या हाती जर्मनीत 50.42 राहतात, पोर्तुगालमध्ये 48.78, हंगेरीत 47.24, लक्झेंबर्गमध्ये 51.28. दोन टोकांत चार युरोंचा फरक आहे. नफा सात-आठ युरोंचा असेल तर तो निम्म्यावर येतो. आमचं मत : किंमत एकच ठेवा, पण ती लिस्बनचा 23 टक्के दर धरून ठरवा. तुमचे युरोपातले पुष्कळ गिऱ्हाईक गोव्याची मुळं असलेले, म्हणजे पोर्तुगालकडेच झुकणारे असणार. जर्मनीत थोडं जास्त सुटेल, हंगेरीत थोडं कमी.

वूकॉमर्समध्ये मात्र ही एकच किंमत आपोआप टिकत नाही. ते आधी दुकानाच्या देशाचा कर काढतं आणि मग गिऱ्हाइकाचा चढवतं, त्यामुळे आकडा देशागणिक हलतो. तो गोठवायला 'अ‍ॅडजस्ट नॉन बेस लोकेशन प्रायसेस' नावाचा फिल्टर (कोडमधली एक सेटिंग) बंद करावा लागतो. वेबसाइट करून देणाऱ्याला हे नाव सांगा, एका ओळीचं काम आहे. पण तो फिल्टर रुपयांच्या किमतीलाही लागू होतो, म्हणजे जीएसटीसह असलेला आकडा आहे तसा परदेशी गिऱ्हाइकाला दिसतो. तेव्हा युरोची किंमत वेगळी भरण्याची सोय असेल तरच हे करा.

1 जुलै 2021 पासून युरोपात 22 युरोंची जुनी सूट गेली, पहिल्या युरोपासून व्हॅट आहे. 150 युरोंपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस ही योजना : विक्रीच्या वेळी कर घ्यायचा, महिन्याला एकच रिटर्न भरायचं. भारतातल्या विक्रेत्याला त्यासाठी युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो आणि तो फी घेतो. आयओएसएस क्रमांक कुरिअरच्या किंवा पोस्टाच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत गेला नाही, तर दारात पुन्हा व्हॅट मागितला जातो. तुमच्या गिऱ्हाइकाने तो एकदा भरलेला असतो, आणि राग तुमच्यावर निघतो. पार्सल बुक करताना ती चौकट रिकामी राहिली नाही ना, ते स्वतः बघा.

आणि 'शिपिंग फुकट' या मोहात सांभाळून. 150 युरोंची मर्यादा मालाच्या किमतीवर, व्हॅट सोडून. वेगळं दाखवलेलं टपाल तीत धरत नाहीत. 140 युरोंची साडी आणि 15 युरो टपाल वेगळं, तर माल मर्यादेत. तेच 155 युरो करून 'फुकट' म्हटलंत की मर्यादा ओलांडली. व्हॅट मात्र टपालावरही लागतो, म्हणून शिपिंगलाही कर लावण्याची खूण चालू ठेवा.

प्रश्न : अमेरिकेच्या गिऱ्हाइकांना करासह किंमत का दाखवायची नाही? (वाचक, फोंडा)

उत्तर : तिथे सेल्स टॅक्स राज्यागणिक आणि शहरागणिक वेगळा, आणि तो किमतीवर वेगळा लावण्याची पद्धत आहे. मूळ किंमत दाखवा. त्रास ड्यूटीचा आहे : 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी सूट 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्या देशांसाठी थांबली. त्यामुळे 'ड्यूटी भरून पोचवू' अशा बोलीवर विकणार असाल तर कुरिअरकडून त्या आठवड्याचा दर घ्या. सहा महिन्यांपूर्वीच्या तक्त्यावर विसंबू नका.

ऑस्ट्रेलिया याच्या उलट : तिथे जीएसटी 10 टक्के आणि दुकानातली किंमत करासहच. 1,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालाचा कर विक्रेता घेतो, पण तिथली विक्री वर्षाला 75,000 डॉलरच्या खाली असेल तर नोंदणी सक्तीची नाही. ती नसेल तर किमतीत कर धरू नका.

प्रश्न : काजूची फेणीही अशीच पाठवता येईल का? आयओएसएस चालेल? (वाचक, डिचोली)

उत्तर : नाही. दारूसारख्या अबकारी मालाला आयओएसएस लागू नाही. फेणी परवानाधारक आयातदारामार्फतच पाठवावी.

प्रश्न : मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक दराची योजना) आहे. परदेशी ऑर्डर घेऊ का? (वाचक, पेडणे)

उत्तर : घेऊ नका. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि कायद्याने निर्यात हा आंतरराज्य पुरवठाच (राज्याबाहेरची विक्रीच) धरला जातो. आधी नियमित जीएसटीत या. मग आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) काढा आणि जीएसटी पोर्टलवर आरएफडी-11 अर्जाने एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा. ते एका आर्थिक वर्षापुरतं असतं, म्हणून एप्रिलमध्ये पहिल्या निर्यातीआधी नवं. बिलावर 'एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता निर्यात' या अर्थाचा मजकूर हवा, आणि बिलाच्या तारखेपासून 3 महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा. नाहीतर कर व्याजासह भरावा लागतो. जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) मधल्या निर्यातीच्या तक्त्यात शिपिंग बिलाचा (निर्यातीच्या सीमाशुल्क कागदाचा) क्रमांक आणि तारीख भरताना पावती समोर ठेवा. तिथे एक आकडा चुकला की पुढे परताव्याला अडकतं.