नकलेची लाज सोडा, परवान्याचं बघा

तुम्ही लिहिलंय की शांघायमध्ये शिकता शिकता चिनी भागीदारासोबत एका अमेरिकन ॲपची चिनी आवृत्ती काढताय, आणि पुण्यातले मित्र 'कॉपी मारताय' म्हणून टोमणे देताहेत. पोस्टच्या शेवटी ओझरतं एक वाक्य आहे: 'परवान्याचं भागीदार बघतोय.' मला काळजी वाटली ती त्या वाक्याची. २०१०-११ मध्ये मी बीजिंगला चोंगग्वानत्सुन या तंत्रज्ञान कंपन्यांच्या भागातल्या एका छोट्या ग्रुप-बाय (अनेकांनी मिळून सवलतीची कूपनं घ्यायच्या) साइटचं तांत्रिक काम बघायचो, आणि आमच्याकडेही हेच वाक्य रोज ऐकू यायचं.

आधी नकलेचं उरकतो. वांग शिंग या चिनी उद्योजकाने २००५ मध्ये फेसबुकवरून शियाओनेई काढलं, २००७ मध्ये ट्विटरवरून फानफोऊ आणि मार्च २०१० मध्ये ग्रुपॉन या अमेरिकन ग्रुप-बाय साइटवरून मेइत्वान. त्या काळात चीनमध्ये ग्रुपॉनच्या नकला पाच हजारांवर गेल्या होत्या. प्रत्येकाच्या पानावर तेच उलटं मोजणारं घड्याळ, तीच 'आजची सवलत'. सगळ्यांनीच उचललं होतं, तेव्हा उचलेगिरीने कोणी जिंकलं असं म्हणण्यात अर्थ नाही. खुद्द ग्रुपॉन २०११ मध्ये टेन्सेंट या बड्या चिनी इंटरनेट कंपनीला सोबत घेऊन उतरलं, धडाधड माणसं भरली आणि काही महिन्यांत कपातही सुरू केली.

मेइत्वानने काय वेगळं केलं? मुदत संपलेल्या, न वापरलेल्या कूपनचे पैसे परत द्यायला सुरुवात केली. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण या धंद्याचा हिशेबच असा की गिऱ्हाईक काही कूपनं विसरतं आणि ते पैसे साइटच्या नाहीतर दुकानदाराच्या खिशात राहतात. आमच्या सेल्सवाल्यांनी तर वांगला वेड्यात काढलं होतं. पण रोज कुठली ना कुठली साइट बुडतेय अशा बाजारात 'पैसे परत मिळतात' ही बातमी जाहिरातीपेक्षा लवकर पसरते. बाकीचे तेव्हा भुयारी रेल्वेच्या स्थानकांत फलक लावत सुटले होते; मेइत्वानने त्यात पैसा घातला नाही.

जुनं उदाहरण टेन्सेंटच्या क्यूक्यू या चॅट सॉफ्टवेअरचं. फेब्रुवारी १९९९ मध्ये ते ओआयसीक्यू नावाने आलं. आयसीक्यू या परदेशी चॅट सॉफ्टवेअरची उघड नकल, नावावरून वाद झाला म्हणून बदलावं लागलं. पण आयसीक्यूची मित्रांची यादी त्या त्या संगणकावर राहायची. घरी संगणक असलेल्याचं त्यात काही अडत नव्हतं. चिनी पोरं सायबर कॅफेत बसायची, उद्या वेगळ्या मशीनवर गेलं की यादी गायब. टेन्सेंटने यादी सर्व्हरवर ठेवली. आता याला नकल म्हणायचं की नवं, हे तुमच्या मित्रांनी ठरवावं. माझ्या मते मूळ ॲप तिथल्या माणसाला कुठे टोचतं हे ज्याला दिसलं, त्याने पुढचं स्वतःच घडवलेलं असतं. हे ज्याला दिसत नाही तो खरंच आयत्या बिळावरचा नागोबा.

आता मुद्द्याचं. बेईआन, म्हणजे साइटची नोंदणी, वेगळी आणि साइटवरून धंदा करायचा सरकारी परवाना, म्हणजे आयसीपी, वेगळा. हे तुम्हाला माहीत असेलच. आमची गाडी अडली ती एका कार्यालयाच्या खिडकीवर. नाव घेत नाही. पहिल्यांदा कागद परत आले, कारण डोमेन कंपनीच्या नव्हे तर भागीदाराच्या नावावर होतं. ते बदललं, तर भाडेकराराच्या पत्त्यात खोली क्रमांक नाही. तो घातला, तर एका छायाप्रतीवर लाल शिक्का अर्धवट उमटलेला. सगळे कागद पहिल्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर होते, पण खिडकीतल्या बाई एका वेळी एकच त्रुटी सांगायच्या. दुसरी विचारली की 'आधी ही दुरुस्त करा'. आपल्याकडच्या तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्याला वेगळं सांगायला नको.

तोवर सर्व्हर हाँगकाँगला, कारण नोंदणीशिवाय चीनमध्ये कोणी होस्ट करत नाही. आमचा सेल्सचा पोरगा हॉटपॉटचं हॉटेल चालवणाऱ्या मालकासमोर लॅपटॉप उघडायचा, पान अर्धं येऊन अडकायचं, आणि मालक दुसऱ्या साइटच्या पोराशी बोलायला लागायचा. आमचं सॉफ्टवेअर त्यांच्यापेक्षा बरं होतं, हे मी आजही म्हणेन. तो परिसर कोणाच्या हातात गेला ते मात्र त्या महिन्यांतच ठरलं.

मी वकील नाही, आणि माझा अनुभव जुना आहे. तिथला वकील गाठाच. पण 'भागीदार बघतोय' एवढ्यावर राहू नका. आमच्या वेळी या परवान्यात परदेशी हिस्सा निम्म्यापेक्षा जास्त नेता येत नव्हता, म्हणून सिना या चिनी वेबसाइट कंपनीच्या २००० मधल्या अमेरिकन शेअर बाजारातल्या नोंदणीपासून दोन कंपन्यांची पद्धत चालत आलेली: पैसा एका कंपनीत, परवाना चिनी माणसाच्या नावावरच्या दुसऱ्या कंपनीत, मधे फक्त करार. तुमचा हिस्सा यातल्या नेमक्या कुठल्या कंपनीत आहे ते कागदावर बघा. मँडरिन येत असली तरी करार दुसऱ्याकडून वाचून घ्या, भागीदाराच्या मावसभावाकडून नको.

आणि गुंतवणूकदार 'हेच उद्या टेन्सेंटने केलं तर?' असं विचारतीलच. आम्हालाही विचारायचे, मनाजोगतं उत्तर कोणाकडेच नसायचं, त्यावर रात्री जागवू नका. त्यापेक्षा कंपनीचा गोल शिक्का कोणाच्या ड्रॉवरमध्ये असतो ते याच आठवड्यात विचारा. तिथे सहीपेक्षा शिक्क्याला वजन आहे, आणि भांडण झालं की आधी तोच गायब होतो.