पालकांचे प्रश्न : घर ते शाळा हा एक किलोमीटर

शाळा सुरू होऊन महिना उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जूनमध्ये गणवेश, वह्या आणि प्रवेश यांच्याविषयी विचारणा होते, तर जुलैमध्ये मुलाला शाळेत पोहोचवावे कसे, हा प्रश्न पुढे येतो. या वेळी त्या विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत. सर्व प्रश्न प्राथमिक शाळेतील मुलांचे आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. शाळा घरापासून नऊशे मीटरवर आहे, तरीही मी तिला रोज स्कूटरने सोडते आणि आणते. पदपथावर हातगाड्या आणि दुचाकी उभ्या असतात, आणि पावणेनऊला शाळेच्या फाटकासमोर इतकी वाहने अडकतात की पाय ठेवायला जागा नसते. आमच्या सोसायटीतील आणखी चार जणी हेच करतात. चालत पाठवणे खरोखर शक्य आहे का? (एक पालक, कोथरूड, पुणे)

उत्तर : शक्य आहे, मात्र एकटीने नव्हे आणि उद्यापासूनही नव्हे. नऊशे मीटर चालायला दुसरीतल्या मुलीला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. स्कूटर तळघरातून बाहेर काढणे, फाटकाजवळ जागा शोधणे आणि परत फिरणे हे सारे धरले तर तुमचा वेळ त्याहून फारसा कमी होत नसावा. इंधनाचा हिशेब मांडायचा तर चार खेपांचे रोजचे ३.६ किलोमीटर होतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ठरवलेले किमान २०० कामाचे दिवस धरले तर वर्षाला ७२० किलोमीटर, म्हणजे सुमारे १६ लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने हे ३७ किलोच्या आसपास होते. एका घरासाठी हा आकडा किरकोळ आहे, हे मान्य करायला हवे. अडचण आहे ती दोनशे घरांची वाहने एकाच वीस मिनिटांत एकाच फाटकासमोर येण्याची. थोड्या अंतरासाठी सुरू केलेले इंजिन नीट तापण्याआधीच बंद होते आणि तेवढ्या वेळात ते जास्त धूर सोडते; दुसरीतल्या मुलीचे नाक त्या धुराड्यापासून फार वर नसते.

तुम्ही पाच जणी आहात, हीच तुमची सोय आहे. पाच घरांनी वार वाटून घेतले तर प्रत्येकीला आठवड्यातून एकच दिवस मुलांबरोबर चालावे लागेल. ठरलेली वेळ, ठरलेले थांबे आणि सोबत एक-दोन मोठी माणसे, अशी ‘चालती बस’ ही कल्पना ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविख्ट यांनी १९९० च्या दशकात मांडली आणि पुढे ती अनेक देशांत रुजली. जपानमध्ये तर शेजारची मुले गटाने शाळेत जाणे ही जुनीच रीत असून पहिलीतली मुले वाहनचालकांना लांबून दिसावीत म्हणून त्यांना पिवळ्या टोप्या देतात. आपल्याकडे वाड्यांतून आणि चाळींतून मुले घोळक्याने शाळेत जातच होती. तो घोळका मोडला, कारण प्रत्येक घराकडे स्कूटर आली.

सुरुवात एखाद्या रविवारी करावी. मुलीला घेऊन तोच रस्ता चालावा आणि तिलाच विचारावे की तिला समोरचे काय दिसते. उभ्या मोटारीमागून आपल्याला रस्ता दिसतो, तिला मोटारीचा दरवाजाच दिसतो. सोसायट्यांच्या तळघरांतून वर येणारे उतार, वळणावर लावलेला टेम्पो आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार ही तीन ठिकाणे कागदावर लिहून ठेवावीत. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावरही दोन्ही बाजूंना पाहायचे, हे पुण्यातल्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवावे लागते. दप्तराचे वजन मुलीच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावे. २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो ही मर्यादा सांगितली आहे. त्याहून जड दप्तर घेऊन कोणतेही मूल आनंदाने चालणार नाही.

आता फाटकाविषयी. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू योग्यच होता, पण शाळेची वेळ त्यामुळे कचेऱ्यांच्या वेळेला येऊन भिडली. म्हणून पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत दोनच मागण्या ठेवाव्यात. पालकांची वाहने फाटकापासून शंभर मीटर अलीकडेच थांबावीत, आणि शाळेला दुसरे फाटक असल्यास ते चालत येणाऱ्या मुलांसाठी उघडावे. पदपथाचा अर्ज शाळेने स्वतःच्या कागदावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे द्यावा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असायला हवी. अर्जात हा आकडा लिहिला आणि टेपने मोजलेली प्रत्यक्ष रुंदी त्याशेजारी दिली, तर ‘पाहणी करून कार्यवाही करू’ एवढेच उत्तर देणे कार्यालयाला अवघड जाते.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. तो रिक्षाने शाळेत जातो. रिक्षावाले काका अतिशय सज्जन आहेत आणि चार वर्षांत एकदाही उशीर झालेला नाही. मात्र रिक्षात नऊ मुले असतात, त्यांपैकी दोन काकांच्या शेजारी बसतात आणि दप्तरे बाहेर लटकतात. शाळेच्या बसचे शुल्क जवळपास दुप्पट आहे. काय करावे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : काकांच्या सज्जनपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण रिक्षा उलटते तेव्हा चालकाचा स्वभाव उपयोगी पडत नाही. तीन प्रवाशांसाठी बनवलेल्या, दरवाजा आणि पट्टा नसलेल्या वाहनात नऊ मुले असणे धोक्याचे आहे आणि नियमाविरुद्धही आहे. असा प्रवास चालू असताना अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यातही अडचण उभी राहू शकते. तेव्हा या रचनेत मुलाला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही दोष एकट्या काकांवर टाकणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक घर देत असलेली रक्कम इतकी कमी असते की नऊ मुले घेतल्याशिवाय त्यांचा महिना निघत नाही, आणि हे सगळ्या पालकांना ठाऊक असते. त्यामुळे आधी त्या नऊ घरांनी एकत्र बसावे. बसचा दर दुप्पट का आहे, हे विचारण्याची अधिकृत जागाही आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम लागू आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तिच्यात पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि परिवहन विभागाचे अधिकारी असतात आणि थांबे व भाडे यांचा विचार याच समितीने करायचा असतो. कित्येक शाळांत ही समिती नावापुरती असते, कारण ती बोलावण्याचा आग्रह कोणी धरत नाही. शेवटची बैठक कधी झाली आणि तिचे इतिवृत्त कोठे आहे, एवढे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

बस किंवा व्हॅन निवडताना योग्यता प्रमाणपत्र, परवाना, विमा आणि चालकाची पोलीस पडताळणी ही कागदपत्रे पाहावीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच शाळेच्या बससाठी वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, खिडक्यांना आडव्या सळया, पक्की कुलपे असलेले दरवाजे, बसमध्ये सोबतीला प्रशिक्षित व्यक्ती आणि चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव या अटी घातल्या होत्या. व्हॅन असेल तर एकदा आत डोकावून पाहावे. गॅसच्या टाकीवर फळी टाकून मुले बसवलेली दिसली तर पुढे काही विचारण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र पालकांच्याच हातात आहे. मूल वाहनात असताना जितका धोका असतो, त्याहून मोठा धोका ते खाली उतरल्यानंतरच्या क्षणी असतो. आई किंवा आजोबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून हाक मारतात, मूल त्यांच्याकडे धावते आणि बसच्या पुढून बाहेर येते. घ्यायला येणाऱ्याने नेहमी बसच्या दरवाजाच्या बाजूलाच उभे राहावे. पलीकडून हाक मारू नये.

प्रश्न : आमच्या वाडीतली अकरा मुले पायवाटेने सव्वा किलोमीटर चालून शाळेत जातात. वाटेत पऱ्यावर (ओढ्यावर) लाकडी साकव आहे. त्याच्या दोन फळ्या गेल्या पावसाळ्यात वाहून गेल्या. गाडीरस्त्याने गेल्यास चार किलोमीटर पडतात. पाऊस जोरात असला की मुले घरीच राहतात. (एक पालक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : मुले घरी ठेवता हे योग्यच करता, पण तो निर्णय रोज सकाळी प्रत्येक घराने आपापल्या अंदाजाने घेणे धोक्याचे आहे. वेगाने वाहणारे पाणी वीतभर खोल असले तरी मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते, मग सहा वर्षांच्या मुलाचे काय सांगावे. पऱ्याच्या काठच्या एखाद्या पक्क्या दगडावर लाल रंगाची रेघ मारावी. पाणी तिच्यावर असले की कोणीही ओलांडायचे नाही, हे वाडीने आणि शाळेने मिळून ठरवावे. परतीच्या वेळेसाठीही हाच नियम हवा, कारण सकाळी कोरडा असलेला पऱ्या दुपारी भरून वाहू लागतो. अशा दिवशी मुलांनी शाळेजवळच्या कोणत्या घरी थांबायचे, हे आधीच ठरलेले असावे.

साकवाच्या दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा आणि त्याची प्रत पंचायत समितीला, तसेच गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. अर्ज केवळ साकवाचा नसून शिक्षणाच्या हक्काचा आहे, हे त्यात लिहावे. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर पूर, दरडी, रस्त्यांचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत धोका असेल तेथे हे अंतर आणखी कमी करण्याचे तत्त्व सांगितले आहे, आणि शाळा नसलेल्या छोट्या वस्त्यांतील मुलांसाठी मोफत वाहतुकीसारखी सोय करावी असेही म्हटले आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा नकाशावरचे अंतर सरळ रेषेत मोजले जाते. त्या रेषेत पऱ्या दिसत नाही, म्हणून तो अर्जात दाखवावा लागतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा राज्यमार्गालगत आहे. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर दिवसभर जातात, आणि मुले चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात. रागावून उपयोग होत नाही. (एक शिक्षिका, शिरोळ तालुका)

उत्तर : ऊस ओढण्याचे आकर्षण रागावून जाणार नाही, हे आपण अचूक ओळखले आहे. मुलांना ट्रॅक्टर हळू जाताना दिसतो, पण वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या रेषेत न राहता आतल्या बाजूला येते, हे त्यांना माहीत नसते. पटांगणात दोरीला दोन खोकी बांधून ती वळवून दाखवली, तर दुसरीतल्या मुलालाही ते समजते. कारखान्याच्या शेती विभागाला शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने पत्र द्यावे. शाळेसमोर वेग कमी करणे आणि ट्रॉल्यांच्या मागे परावर्तक लावणे या बाबी वाहतूकदारांना सांगणे त्यांना सहज शक्य असते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि आपल्या भागात त्यांतले अनेक जण त्याच कारखान्याचे सभासदही असतील, हे बळ वापरावे.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर मुलांनी उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, एका रांगेत चालावे. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार चालकाला मूल दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २८ मीटर पुढे येते, ताशी ३० वेगाने सुमारे १३ मीटर. शाळेसमोर गतिरोधक हवा तो या फरकासाठी. मात्र गावकऱ्यांनी मुरूम टाकून तो स्वतः करू नये. ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या आधी फलक आणि त्यावर पांढरे पट्टे असतात. त्याची मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे करावी.

प्रश्न : मोटारसायकलवर पुढे साडेतीन वर्षांचा मुलगा आणि मागे तिसरीतली मुलगी, असे आम्ही जातो. चौथीतला पुतण्या मात्र सायकलने जायचा हट्ट धरतो. यांतले काय चालेल? (एक पालक, लातूर)

उत्तर : पहिली गोष्ट चालणार नाही. कायद्याने दुचाकीवर चालकाव्यतिरिक्त एकच व्यक्ती बसू शकते, आणि टाकीवर बसलेले मूल अचानक ब्रेक लागल्यास थेट हँडलवर आपटते. चार वर्षांखालील मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट बंधनकारक असून वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. चार वर्षांवरील मुलीलाही तिच्या मापाचे हेल्मेट लागतेच. दोन खेपा करा, किंवा मुलीसाठी चालणारी सोबत शोधा.

पुतण्याचा हट्ट मला आवडला. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा आणि अंतराचा अंदाज मुलांना साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत नीट येत नाही, म्हणून पहिला महिना मोठ्या माणसाने दुसऱ्या सायकलवर त्याच्या मागे राहावे. चौक आला की त्याने खाली उतरून सायकल हातात धरून ओलांडावा. खोगीर इतके खाली असावे की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि त्याची बोटे ब्रेकपर्यंत पोहोचतात का हे पाहावे. दप्तर हँडलला लटकवू देऊ नये, ते मागच्या कॅरिअरवर घट्ट बांधावे.